एका बाइटचा दस्तऐवज : रिमोट डेस्कटॉपमधल्या लॉक-दिव्यांचा विस्तार कसा लिहून काढावा

रिमोट डेस्कटॉपवरून लॉगिन करताना पासवर्ड तीनदा नाकारला जातो. पासवर्ड बरोबर असतो, आपल्या कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवाही विझलेला असतो, पण पलीकडच्या मशीनवर कॅप्स लॉक चालू राहिलेला असतो. आपल्या हाताखालचा दिवा आपल्याच मशीनची अवस्था दाखवतो. पलीकडच्या मशीनची अवस्था वेगळी आहे आणि ती आपल्याला दिसत नाही.

व्हीएनसी हे रिमोट डेस्कटॉपचं तंत्र ज्या आरएफबी प्रोटोकॉलवर (संवादाच्या ठरलेल्या नियमांवर) चालतं, त्याला मागाहून जोडलेल्या एका विस्तारात (एक्स्टेन्शनमध्ये) यावर छोटा उपाय आहे. कॅप्स लॉक, नम लॉक आणि स्क्रोल लॉक हे तीन दिवे सध्या लागलेले आहेत की विझलेले, हे सर्व्हर (पलीकडची बाजू) क्लायंटला (आपल्याकडच्या प्रोग्रॅमला) कळवतो. खरी माहिती तीन बिटांची, म्हणजे एका बाइटात मावणारी. तरीही हा विस्तार नीट लिहून काढणं अवघड आहे, आणि प्रोटोकॉलचं दस्तऐवजीकरण शिकू पाहणाऱ्याला सुरुवात करण्यासाठी मला यापेक्षा चांगला विषय माहीत नाही. आवाका लहान असला तरी मोठ्या विस्तारात भेटणारे जवळजवळ सगळे प्रश्न इथे भेटतात.

मूळ आरएफबी प्रोटोकॉल २०११ साली आरएफसी ६१४३ म्हणून, म्हणजे इंटरनेटच्या क्रमांकित तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक म्हणून, प्रसिद्ध झाला. त्यात लॉक-दिव्यांचा उल्लेख नाही. पुढे वेगवेगळ्या प्रकल्पांनी आपापले विस्तार जोडले आणि ते एकत्र नोंदवण्यासाठी आरएफबीप्रोटो हा समुदायाने सांभाळलेला दस्तऐवज तयार झाला. तो रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिला जातो. तुमचा विस्तार तिथे जायचा असो किंवा तुमच्या प्रकल्पाच्या स्वतःच्या फाइलमध्ये, पुढच्या पायऱ्या त्याच राहतात.

पायरी १ : अडचण आपल्या हाताने घडवून पाहा

लिहायला बसण्याआधी क्यूईएमयूमध्ये (आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एखादं पाहुणं, म्हणजे आभासी, मशीन सुरू करा आणि त्याचा पडदा व्हीएनसीवर द्या. डिस्प्ले क्रमांक १ दिला तर पोर्ट ५९०१ असतो, कारण मोजणी ५९०० पासून सुरू होते. मग व्हीएनसी क्लायंटने जोडा. पाहुण्या मशीनमध्ये कॅप्स लॉक चालू करा, खिडकी सोडून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जा, तिथे कॅप्स लॉक बंद करा आणि परत या. आता टाइप करून पाहा. हेच नम लॉकने करा. अवस्था जुळत नसेल तर आकड्यांच्या पॅडवरचा ८ दाबल्यावर आकडा उमटण्याऐवजी कर्सर वर सरकेल.

तुमचा क्लायंट हा विस्तार जाणत असेल तर परत आल्यावर सगळं जुळलेलं दिसेल, जाणत नसेल तर गोंधळ दिसेल. दोन्ही प्रकारचे क्लायंट वापरून पाहा. काय पाहिलं ते लगेच, क्रमाने लिहून ठेवा. तुमच्या विभागाचा पहिला परिच्छेद याच टिपणातून येतो. ‘हा विस्तार कशासाठी आहे’ हे दोन वाक्यांत सांगता आलं नाही तर पुढच्या तक्त्यांमध्ये वाचकाचं मन लागत नाही.

पायरी २ : दोन्ही बाजूंचा कोड वाचा

पाठवणाऱ्याचा कोड वाचून थांबू नका. वाचणाऱ्याचा कोड काय गृहीत धरतो ते पाहिल्याशिवाय दस्तऐवज अर्धाच राहतो. वाचताना मी पाच प्रश्न समोर ठेवते. विस्ताराचा क्रमांक कोणता? तो वापरायची परवानगी कशी मिळते? मजकूर किती बाइटचा? कोणत्या बिटाचा अर्थ काय? तो केव्हा पाठवला जातो?

आपल्या उदाहरणात क्यूईएमयूच्या लॉक-दिव्यांच्या विस्ताराचा क्रमांक आहे उणे २६१. हे ‘स्यूडो-एन्कोडिंग’ आहे. एन्कोडिंग म्हणजे पडद्याचं चित्र बाइटांत मांडण्याची पद्धत, आणि हे नावापुरतं एन्कोडिंग. म्हणजे पडद्याच्या चित्राचा तुकडा ज्या साच्यातून येतो त्याच साच्यातून हा येतो, फक्त आत चित्र नसतं. आभासी मशीनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरचाही याच कामाचा वेगळा विस्तार आहे, त्याचा क्रमांक १४६४६८६१८४. हा आकडा आला कुठून असा प्रश्न पडेल. तो सोळाच्या पायात मांडला तर ५७ ४डी ५६ ६८ असे चार बाइट दिसतात, आणि त्यातले पहिले तीन बाइट म्हणजे डब्ल्यू, एम, व्ही ही अक्षरं. व्हीएमवेअरने आपल्या विस्तारांसाठी हीच सुरुवात धरून शेवटचा बाइट बदलत नेला आहे. दस्तऐवजात क्रमांक दोन्ही पद्धतींनी द्या. कोड वाचणारा सोळाच्या पायातला आकडा शोधतो आणि तक्ता वाचणारा दहाच्या पायातला.

नवा विस्तार करत असाल तर क्रमांक मनाने घेऊ नका. आरएफसी ६१४३ ने एन्कोडिंग क्रमांकांची नोंदवही आयानाकडे, म्हणजे इंटरनेटचे असे क्रमांक नोंदवणाऱ्या संस्थेकडे, सुरू केली आहे. आधी तिथे आणि आरएफबीप्रोटोमधल्या यादीत पाहा. एकच क्रमांक दोन अर्थांनी वापरला गेला तर ते नंतर निस्तरता येत नाही, कारण तोवर दोन्ही प्रकारचे प्रोग्रॅम लोकांच्या मशीनवर पोचलेले असतात.

पायरी ३ : तारेवरचे बाइट पाहा आणि तेच छापा

कोड वाचून झालेला समज आणि प्रत्यक्ष जाणारे बाइट यांत फरक निघू शकतो. नेटवर्कवरची देवाणघेवाण पकडा आणि कॅप्स लॉक दाबल्यावर सर्व्हरकडून काय आलं ते पाहा. क्यूईएमयूकडून फक्त कॅप्स लॉकचा दिवा लागल्याची खबर साधारण अशी येते (बाइट सोळाच्या पायात) :

०० ०० ०० ०१
०० ०० ०० ०० ०० ०१ ०० ०१
एफएफ एफएफ एफई एफबी
०४

पहिल्या ओळीत संदेशाचा प्रकार ०, एक भरीचा बाइट आणि आयतांची, म्हणजे पडद्याच्या चौकोनी तुकड्यांची, संख्या १. दुसऱ्या ओळीत आयताचं स्थान आणि आकार, प्रत्येकी दोन बाइट. तिसरी ओळ म्हणजे उणे २६१. चौथ्या ओळीतला एकच बाइट हा खरा मजकूर. एकूण १७ बाइट. आरएफबीमध्ये मोठा बाइट आधी येतो, हेही उदाहरणाशेजारी एकदा सांगून टाका.

दुसरी ओळ पुन्हा पाहा. इथे आयत एक बाय एक आहे. काही सर्व्हर तिथे रुंदी-उंची शून्य पाठवतात. दिव्यांच्या खबरीसाठी या आकड्यांना अर्थच नाही, म्हणून दस्तऐवजात स्पष्ट लिहायला हवं : स्थान आणि आकार क्लायंटने दुर्लक्षित करावेत. हे लिहिलं नाही तर कुणीतरी ‘आकार शून्य असेल तर आयत सोडून द्या’ असा शहाणपणा कोडमध्ये घालतो, मजकुराचा बाइट न वाचता पुढे जातो, आणि मग जे होतं ते पुढच्या पायरीत सांगते.

व्हीएमवेअरच्या विस्तारात मजकूर चार बाइटचा आहे. बिटांचा अर्थ मात्र तोच. तिथे शेवटची ओळ ०० ०० ०० ०४ अशी येईल आणि एकूण बाइट २० होतील.

पायरी ४ : परवानगीचा नियम सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक लिहा

संपूर्ण दस्तऐवजात एकच वाक्य वाचलं जाणार असेल तर ते हे असावं : क्लायंटने हे एन्कोडिंग आपल्या यादीत जाहीर केलं नसेल तर सर्व्हरने ते कदापि पाठवू नये.

याचं कारण आरएफबीच्या रचनेत आहे. आयताच्या मथळ्यात मजकुराची लांबी लिहिलेली नसते. एन्कोडिंग कोणतं आहे हे कळल्यावरच पुढे किती बाइट वाचायचे ते ठरतं. अनोळखी एन्कोडिंग समोर आलं तर क्लायंटला ते ओलांडून पुढे जाता येत नाही, कारण किती ओलांडायचं हेच माहीत नसतं. अशा वेळी जोडणी तोडणं हा एकच प्रामाणिक मार्ग उरतो.

लांबी चुकीची समजली तर याहून वाईट होतं. समजा क्लायंट लिहिणाऱ्याने व्हीएमवेअरच्या विस्तारातही एकच बाइट वाचला. आलेले बाइट आहेत ०० ०० ०० ०४. त्याने पहिला ०० वाचला आणि सगळे दिवे विझलेले आहेत असं समजला. तारेवर उरले ०० ०० ०४. आता क्लायंट पुढच्या संदेशाची वाट पाहतो. पहिला ०० म्हणजे पुन्हा पडद्याचं अपडेट, दुसरा ०० म्हणजे भर, आणि आयतांच्या संख्येचे दोन बाइट म्हणजे ०४ आणि खऱ्या पुढच्या संदेशाचा पहिला बाइट. तोही बहुतेक वेळा ०० च असतो, कारण सर्व्हर सर्वाधिक अपडेटच पाठवतो. म्हणजे क्लायंट आता १०२४ आयतांची वाट पाहत बसतो. पडद्यावर रंगीत कचरा उमटतो किंवा सगळं गोठतं, आणि तक्रार येते ती ‘कॅप्स लॉक दाबल्यावर पडदा बिघडतो’ अशी. दिव्याचा बाइट आणि बिघडलेलं चित्र यांचा संबंध जुळवायला मला एकदा दोन दिवस लागले होते. दस्तऐवजात मजकुराची लांबी तक्त्याबरोबरच वाक्यातही लिहिलेली असती तर ती चूक झालीच नसती.

याच विभागात आणखी तीन गोष्टींचं उत्तर हवं. क्लायंटने एन्कोडिंग जाहीर केल्यावर सर्व्हर पहिली खबर लगेच देतो का? क्यूईएमयू लगेच देतो, आणि ते योग्यच आहे : सर्व्हरला हा विस्तार येतो हे क्लायंटला त्या पहिल्या खबरीवरूनच कळतं, कारण सर्व्हर आपल्या क्षमतांची वेगळी यादी देत नाही. दुसरं, क्लायंटने दोन्ही विस्तार जाहीर केले तर सर्व्हरने कोणता वापरायचा? कोणताही एक, पण एकच, असं ठरवून लिहा. तिसरं, पडद्याच्या अपडेटची विनंती आलेली नसताना दिव्याची खबर पाठवता येते का, आणि पाठवली तर प्रलंबित विनंती पूर्ण झाली असं समजायचं का? हा प्रश्न लिहिताना सुचत नाही. क्लायंट तयार करणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी सुचतो. तुमच्या सर्व्हरचा कोड पाहून उत्तर शोधा आणि लिहा.

पायरी ५ : बिटांचा तक्ता

हे काम छोटं आहे. बिट ० स्क्रोल लॉक, बिट १ नम लॉक, बिट २ कॅप्स लॉक. त्या बिटाच्या जागी १ असेल तर दिवा लागलेला, ० असेल तर विझलेला. उरलेले बिट राखीव : पाठवणाऱ्याने शून्य ठेवावेत, वाचणाऱ्याने दुर्लक्षित करावेत.

इथे घाई मात्र नको, कारण हे तीन दिवे वेगवेगळ्या जगांत वेगवेगळ्या क्रमाने मांडलेले आहेत. जुन्या पीएस/२ कीबोर्डला दिवे लावायला ईडी ही आज्ञा पाठवली जाते आणि तिच्या मागून जाणाऱ्या बाइटात क्रम हाच असतो : स्क्रोल, नम, कॅप्स. मायक्रोसॉफ्टच्या आरडीपी या रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉलनेही हाच क्रम ठेवला आहे आणि चौथा बिट जपानी कीबोर्डच्या काना लॉकसाठी दिला आहे. यूएसबी कीबोर्डच्या एचआयडी अहवालात (कीबोर्ड, माउस अशा उपकरणांसाठी ठरलेल्या संदेशात) मात्र क्रम नम, कॅप्स, स्क्रोल असा आहे. लिनक्सची तर गंमत पाहा : कन्सोलच्या दिव्यांचे स्थिरांक पीएस/२ च्या क्रमाने आहेत आणि इनपुट व्यवस्थेतले एचआयडीच्या क्रमाने. लिबव्हीएनसीसर्व्हर या व्हीएनसीच्या लायब्ररीमध्ये याच कामासाठी एक वेगळाच जुना विस्तार आहे, ज्यात शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांचेही बिट आहेत आणि कॅप्स लॉकची किंमत २ आहे.

त्यामुळे कॅप्स लॉक चालू करून तपासणाऱ्याला एका ठिकाणी ४ दिसेल, दुसऱ्या ठिकाणी २, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील. तक्त्यात बिट क्रमांक आणि त्याची किंमत असे दोन्ही रकाने द्या. ‘बिट २’ म्हणजे शून्यापासून मोजून दुसरा की किंमत २ असलेला, हा गोंधळ त्याने मिटतो. शिवाय हा क्रम एचआयडीचा नव्हे, अशी एक ओळ तक्त्याखाली टाका.

पायरी ६ : वर्तन लिहा, कारण खरा विस्तार तिथे आहे

बाइटांचा तक्ता पूर्ण झाला की काम संपल्यासारखं वाटतं. माझ्या मते काम इथून सुरू होतं. बिट काय सांगतात हे कळलं, पण ते ऐकून क्लायंटने करायचं काय?

दोन मार्ग आहेत. एक, पलीकडची अवस्था प्रमाण मानून आपल्या कीबोर्डवरची अवस्था तशी करायची. दोन, आपल्या वापरकर्त्याची अवस्था प्रमाण मानून पलीकडे लॉकचं बटण दाबल्याचा संदेश पाठवायचा. पहिला मार्ग सगळीकडे शक्य नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या क्लायंटला लॉकची अवस्था वाचता येते, बदलता येत नाही. विंडोजवर अवस्था बदलायला बटण दाबल्याचं सोंग करावं लागतं, आणि ते खोटं दाबणं क्लायंटनेच पकडून सर्व्हरकडे पाठवलं तर पलीकडचा दिवा पुन्हा उलटतो. दुसऱ्या मार्गातला धोका उशिराचा. वापरकर्त्याने कॅप्स लॉक पटपट दोनदा दाबला असं समजा. दोन्ही दाबण्या निघून गेल्या, आपल्याकडे दिवा विझला, आणि आता पहिल्या दाबण्याची खबर येते : ‘लागला’. क्लायंटने लगेच दुरुस्तीसाठी तिसरी दाबणी पाठवली. पण पलीकडे दुसऱ्या दाबणीने दिवा आधीच विझलेला होता, तो आता लागतो. मग त्याची खबर येते, पुन्हा दुरुस्ती होते, आणि वापरकर्त्याने हात उचललेला असतानाही दिवा लुकलुकत राहू शकतो.

म्हणून दस्तऐवजात असा सल्ला असावा : खबर मिळताच दुरुस्ती करू नये. मिळालेली अवस्था लक्षात ठेवावी, आणि वापरकर्ता पुढचं बटण दाबेल किंवा खिडकीत परत येईल तेव्हा तुलना करावी. वापरकर्त्याने लॉकचंच बटण दाबलं तर लक्षात ठेवलेली अवस्था ‘अज्ञात’ करावी, आणि सर्व्हरकडून नवी खबर येईपर्यंत काहीही दुरुस्त करू नये. ब्राउझरमधला नोव्हीएनसी हा क्लायंट साधारण याच विचाराने चालतो. ‘अज्ञात’ ही तिसरी अवस्था तुमच्या मजकुरात नावानिशी यायला हवी. जोडणी झाल्यापासून पहिल्या खबरीपर्यंत क्लायंट याच अवस्थेत असतो, आणि ‘अज्ञात’ला ‘विझलेला’ समजणं ही नवख्यांची हमखास चूक आहे.

आणखी एक बारकावा सहसा लिहिला जात नाही. दिवा आणि लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्यूईएमयूला पाहुण्या मशीनमधला कॅप्स लॉक दिसत नाही. पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमने आभासी कीबोर्डला ‘हा दिवा लाव’ असं सांगितलं की तेवढंच कळतं. एखाद्याने कॅप्स लॉकचं बटण कंट्रोल म्हणून वापरायला ठेवलं असेल तर ते कितीही वेळा दाबलं तरी दिवा बदलणार नाही. ‘जुळेपर्यंत दाबत राहा’ असं लिहिलेला क्लायंट अशा मशीनसमोर कायमचा अडकतो. दुरुस्तीचा प्रयत्न एकदाच करावा, हे वाक्य म्हणून आवश्यक आहे.

स्क्रोल लॉकबद्दल फार लिहायची गरज नाही. कित्येक कीबोर्डवर तो नसतोच, मॅकवर नम लॉकही त्या अर्थाने नसतो. जे बिट आपल्याकडे लागू नाहीत ते क्लायंटने शांतपणे सोडून द्यावेत, एवढं पुरे.

पायरी ७ : भाषा

प्रोटोकॉलच्या दस्तऐवजात क्रियापदांना वजन असतं. १९९७ च्या आरएफसी २११९ ने मस्ट (केलंच पाहिजे), शुड (करावं) आणि मे (केलं तरी चालेल) अशा शब्दांचे नेमके अर्थ बांधून दिले, आणि २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने खुलासा केला की हे अर्थ शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिले तरच लागू होतात. बाइटांची लांबी आणि परवानगीचा नियम हे मस्ट. उशिराबद्दलचा सल्ला हा शुड. दोन्ही अवस्था जुळवायच्या की फक्त खिडकीच्या कोपऱ्यात एक चिन्ह दाखवायचं, हे मे. सगळीकडे मस्ट लिहिणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

कर्ता कधीही गाळू नका. ‘अवस्था पाठवली जाते’ हे वाक्य निरुपयोगी आहे. कोण पाठवतो? ‘सर्व्हर पाठवतो’ असं लिहा. आणि सध्याचा एखादा प्रोग्रॅम जे करतो ते आणि सर्वांनी जे करायला हवं ते, यांची सरमिसळ टाळा. क्यूईएमयू एक बाय एक आयत पाठवतो हे निरीक्षण आहे, नियम नाही.

पायरी ८ : दुसऱ्याच्या हातात द्या

मसुदा तयार झाला की तो अशा माणसाला द्या ज्याने मूळ कोड वाचलेला नाही. त्याला सांगा : फक्त हा मजकूर वाचून १७ बाइटांचा संदेश वाचणारा छोटा प्रोग्रॅम लिही. तो जिथे थांबून तुम्हाला विचारेल ती प्रत्येक जागा म्हणजे मसुद्यातलं भोक. तोंडी उत्तर द्यायचा मोह होतो. तो आवरा, उत्तर मजकुरात घाला आणि मगच त्याला पुढे जाऊ द्या.

त्याचा प्रोग्रॅम तयार झाला की त्याला चार गोष्टी खाऊ घाला. वरचं उदाहरण. तेच, पण आयताचा आकार शून्य केलेलं. मजकुराच्या बाइटात राखीव बिटही लागलेलं, म्हणजे सोळाच्या पायात ८४, जिथे कॅप्स लॉकच ओळखला गेला पाहिजे. आणि एकाच अपडेटमध्ये आधी दिव्याचं आयत व मागून चित्राचं आयत, म्हणजे बाइट मोजण्यात चूक असेल तर चित्र बिघडून लगेच दिसेल. चारही पार पडली की मसुदा प्रकल्पाकडे पाठवा, आणि सोबत हे चारही नमुने जोडा.